खुर्ची पोचेल असं पाणी

नागपूर,
२७ जानेवारी

गिरिधर भाऊजींना वच्छलाचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेली संत्र्यांची पेटी डिसेंबरातच पोचली. कंडक्टरचा फोन आला, आणि आमच्या गल्लीतला संघपाल ऑटो घेऊन बसस्टँडवर जाऊन ती घेऊन आला. संत्री गोड होती. निम्मी गल्लीत वाटली, काहींचा रस काढला. मिळाल्याचं कळवायला एवढा उशीर झाला, राग मानू नका. नरखेडला थंडी कशी आहे? तुमचा खोकला गेला का? मागे फोनवर बोलताना मध्येच थांबत होतात.

पेटी पाठवली त्या दिवशी तुमचा मेसेजही आला होता. 'वहिनी, रुपरावले विचारा, यंदा पक्षी कुठं उतरले.' त्याचं उत्तर यांच्या वतीने द्यायचं राहिलंच होतं. आणि दुसरं तुम्ही दर महिन्याला विचारता, 'बोलतो का आता काही?' त्याला मी दर वेळी 'थोडंथोडं' असं लिहून मोकळी होते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण घर दोन खोल्यांचं, बोललेलं यांना सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र लिहिते आहे. दुपारची वेळ आहे. यांचा डोळा लागलाय.

आधी पक्ष्यांचं लिहिते.

पक्षी कुठं उतरतात ते तुम्हा दोघांना माझ्याहून कितीतरी जास्त ठाऊक. विजेच्या खात्यात तारा ओढताना खांबावरून जी तळी दिसायची, ती तुम्ही रविवारी कॅमेरे घेऊन पुन्हा शोधायचात. चिखलात गुडघ्यापर्यंत उतरायचात, आणि घरी ती पँट मी धुवायची. पण यंदा मला वेगळीच जागा हवी होती. पक्षी असावेत, आणि यांची चाकाची खुर्ची पाण्याजवळ जाईल असा रस्ताही असावा. उतार नको. सूर्य पाठीमागे हवा, कारण लकवा झाल्यापासून उजव्या डोळ्याला उन्हाची तिरीप सहन होत नाही. अशी जागा शोधून बघा म्हणजे कळेल. जिथे रस्ता जातो तिथे माणसं जातात, आणि जिथे माणसं जातात तिथे पक्षी थांबत नाहीत.

पहिल्यांदा फुटाळा तलावावर नेलं. फरसबंदी आहे, खुर्ची सुरेख चालली. पण फुगेवाले, मोबाइलवर गाणी, फोटो काढणारी पोरं-पोरी. पक्षी पार पलीकडे, ठिपक्यासारखे. यांनी डोळे मिटून घेतले ते घरी येईपर्यंत उघडले नाहीत.

मग संघपाल म्हणाला, "काकू, आमच्या कामठीले कन्हानच्या काठावर चला ना. लहानपणापासून पाहून राहिलो मी, लंब्या लाल पायाचे पक्षी येतात तिथं." तो आता पन्नाशीचा आहे, ऑटोच्या मागे खुर्ची दोरीने बांधून नेतो. गेलो. शेकाटे होते खरे, शेपटी हलवणारे धोबी पक्षी होते, लहान तुतवार पाण्याच्या कडेने नुसते पळत होते. पण वाळू. दहा हात गेलो असू, चाकं रुतली. आम्ही दोघांनी ओढलं, तर खुर्ची कलंडली आणि हे वाळूत पडले. लागलं नाही. संघपाल त्यांना उचलायला वाकला तर यांनी डाव्या हाताने त्याला थांबवलं आणि तसेच कुशीवर पडून पाण्याकडे बघत राहिले. मी बाजूला बसले. तुम्ही दोघं वाळूत पोटावर पडून फोटो काढायचात म्हणे, म्हणजे पक्ष्याच्या डोळ्याच्या बरोबरीने काढता येतो. ते मला त्या दिवशी समजलं.

घरी आल्यावर जितेंद्रचा पुण्याहून फोन. संघपालने त्याला सांगितलं असावं. "आई, बाबाले काहून घेऊन जाऊन राहिली एवढ्या थंडीत? निमोनिया झाला म्हणजे?" मी म्हटलं, "घरात भिंतीकडे पाहून काय होते ते तू नाही पाहिलं." त्याचंही चुकीचं नव्हतं.

शेवटी जागा सापडली. काटोल रोडने येताना एक फाटा आत जातो तिथलं गावतळं. त्याच्या बांधावरून कालव्याचा रस्ता जातो, ऑटो थेट वर चढते आणि खुर्ची पाण्यापासून पाच-सहा हातांवर उभी राहते. सकाळी ऊन पाठीवर. बोरीची झाडं आडोशाला असल्यामुळे पक्ष्यांना माणूस लवकर दिसत नाही. पहिल्याच दिवशी चक्रवाकाची जोडी होती, आणि शेकाटे तर इतके, की त्यांच्या पायांची पाण्यात लाल रांगोळी झाली होती. बांधाच्या टोकाला उंच सावरीचं झाड आहे. त्यावर कांडेसराचं घरटं. पांढऱ्या मानेचा मोठा करकोचा, तो. घरट्यातून पिल्लांची डोकी वर यायची.

कॅमेरा मी चालवते. हसू नका. पहिल्या दिवशीच्या फोटोंत आभाळ, माझा अंगठा आणि खुर्चीचं चाक एवढंच आलं. मग यांनीच खुणेने तोड सुचवली. तुरीच्या डाळीची पिशवी खुर्चीच्या हातावर ठेवायची, तिच्यावर कॅमेरा. मी बटणावर बोट ठेवायचं. यांचा डावा हात माझ्या मनगटावर. हे नुसते बघत बसायचे, आणि वेळ आली की मनगट दाबायचे. तेव्हाच मी बटण दाबायचं, त्याच्या आधी नाही. कधीकधी अर्धा तास काही नाही. माझ्या बोटाला मुंग्या यायच्या. हात हलवला की हे रागावून बघायचे.

एका रविवारी मोठा कांडेसर चोचीत काडी घेऊन आला. पंख उघडे, पाय पुढे, अगदी घरट्यावर टेकायच्या बेतात. यांनी मनगट दाबलं. तो फोटो आला आहे, भाऊजी. चोचीतली काडीसुद्धा स्पष्ट आहे. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, दोघांनी मिळून केलेलं असं काही मला दुसरं पटकन आठवत नाही.

आता तुम्ही विचारता त्याचं लिहिते.

तुम्ही पावसाळ्यात घरी आला होतात तो दिवस तुम्हाला आठवत असेल. यांनी तुमचा शर्ट मुठीत धरला होता, तोंड हलत होतं आणि आवाज येत नव्हता. तुम्ही हळूच मूठ सोडवली. दारात मला म्हणालात, "वहिनी, मले नाही पाहवत." चहा तसाच राहिला. त्यावर मी तुम्हाला काही बोलले नाही, आजही बोलत नाही. ज्याच्यासोबत माणूस तीस वर्षं खांबावर चढला, त्याला तसं पाहणं सोपं नसतं. मलाही पहिले दिवस स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागायचं.

त्या संध्याकाळी यांना पहिला शब्द आला. दाराकडे बघत म्हणाले, "गिरी." मी पळत फाटकापर्यंत गेले, पण तोवर तुमची बस सुटली असणार. मला इतका आनंद झाला की शेजारच्या रुखमाबाईंना बोलावून आणलं. म्हटलं, वाचा आली.

दुसऱ्या दिवशी यांना तहान लागली. पाण्याच्या तांब्याकडे हात करून म्हणाले, "गिरी." मग चादर हवी होती, "गिरी." पाय दुखला, "गिरी." आणि रात्री माझ्याकडे बघून, माझ्या गालाला हात लावून, तेच.

रामदासपेठेत वाचेचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, "काकू, असं होतं कधीकधी. बाकीचे सगळे शब्द जातात आणि एखादाच अडकून राहतो. त्याचा अर्थ ते त्याच माणसाला बोलावताहेत असा घेऊ नका." त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मला वाईट दोन्ही बाजूंनी वाटलं. तुमचं नाव निघत होतं याचं वाटलं, आणि त्यालाही काही अर्थ नसेल याचं वाटलं.

खरं लिहिते, मला तुमचा हेवा वाटला. यांच्या आजारपणात रात्रंदिवस मी, आणि उरलेला एकच शब्द तुमचा. म्हणून तुम्हाला कळवलं नाही. 'थोडंथोडं' लिहिलं. कळवलं असतं तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी आला असतात, हे मला माहीत होतं.

पण तळ्यावर जायला लागलो आणि मला तो शब्द कळायला लागला. चक्रवाक दिसला की "गिरी" जरा लांबवून. शेकाटा उडाला की तुटक, घाईत. पाणकावळा पंख वाळवत बसला की हसत हसत. घरट्याकडे बघताना अगदी हळू, पिल्लं दचकतील म्हणून. एकाच शब्दात सगळे पक्षी होते. संघपालही शिकला. तो ऑटोत बसून म्हणायचा, "काकू, बाबूजीले बदक दिसलं वाटते." आणि खरंच बदक असायचं. मग मला 'गिरी' म्हणून हाक मारायचे त्यातही कोणती माझी, ते ओळखू यायला लागलं. माझी शेवटी थोडी वर जायची.

संक्रांतीच्या सकाळी मी तिळाचे लाडू वळत होते. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. गेले तर तोंड पूर्ण वाकडं झालेलं, डोळे उघडे. दुसरा झटका. दवाखान्यात नेलं, जितेंद्र आणि सूनबाई मिनल आले. डॉक्टरांनी जितेंद्रला बाजूला घेतलं, मी म्हटलं मलाही सांगा. म्हणाले, घरी न्या, आपल्या माणसांत राहू द्या. किती दिवस ते त्यांनाही सांगता आलं नाही. जितेंद्र सुटी वाढवून इथेच थांबला आहे.

आता यांना खुर्चीत बसवता येत नाही. मान धरत नाही. चमच्याने पाणी घालते ते निम्मं बाहेर येतं. आणि तो शब्दही गेला. झटक्यापासून घरात कोणी कोणाला 'गिरी' म्हटलेलं नाही. काल जितेंद्र मला म्हणाला, "आई, घर किती शांत झालं." मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून गच्चीवर कपडे काढायला गेले. कपडे ओलेच होते.

पण ऐकू येतं, भाऊजी. तेवढं नक्की. परवा जितेंद्रने फोनवर तुमचं नाव घेतलं तर यांचे डोळे दाराकडे गेले, आणि बराच वेळ तिथेच राहिले. वाचेच्या बाई काहीही म्हणोत.

म्हणून हे सगळं लिहिलं. तुम्ही या. नरखेडहून निघणारी पहाटेची बस घ्या, काटोलच्या पुढे त्या फाट्यावर उतरा. संघपाल ऑटो घेऊन तिथे उभा राहील, त्याच्याशी बोलून ठेवलं आहे, फक्त दिवस कळवा. आधी तळ्यावर जा. बांधावर उभं राहून बघा, पिल्लं उडाली की अजून घरट्यातच आहेत, चक्रवाक गेले की थांबले, पाणी किती उरलं. कॅमेरा आणला नाही तरी चालेल. मग घरी येऊन यांच्या उशाशी बसा आणि जे दिसलं ते सांगा. मला ती नावं नीट येत नाहीत, मी सांगितलं तर यांना पटणार नाही. पाहवलं नाही तर त्यांच्याकडे बघू नका, खिडकीकडे बघून सांगा. चहा या वेळी पिऊन जा.

उशीर करू नका, एवढंच मागते.

पावसाळ्यापासून तुमच्या नावाने हाक ऐकत आलेली,
वच्छला