मागे न बघता दाखवलेली अंबाजोगाई

मुक्काम पाली, तालुके बीड
चैत्र वद्य पंचमी, फसली सन १३२९

राजमान्य राजश्री शहादेवराव यांसी, पालीहून त्रिंबकचा रामराम. घाटनांदूरच्या वडीलधाऱ्यांना दंडवत, लेकराबाळांना आशीर्वाद, आणि लग्नाच्या पंगतीत माझ्या पानात मीठ वाढायचे विसरलेल्या तुमच्या चुलतभावालाही आशीर्वाद. तुमची कंबर आता कशी आहे? इकडचे क्षेम विचाराल तर बैल ठीक आहेत. माझे म्हणाल तर पंधरा दिवस दगडाबाईच्या हातचे जेवतो आहे (आमच्याकडे सारवण करते ती, हात सारवणालाच चांगला). धोंडीराम आईबद्दल काही विचारत नाही. पोरगा सोळा वर्षांचा झाला, विचारायची लाज वाटत असेल. तो नुसता ताटाकडे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो.

तुमची बहीण तुमच्याकडे आहे, ती खुशाल राहू द्या. तिला परत बोलवावे म्हणून हे पत्र लिहितो आहे असे मनात आणू नका. तिने आल्या आल्या चुलीपुढे बसून काय काय सांगितले असेल ते मला ठाऊक आहे. त्यावर तुमच्या घरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या असतील तेही ठाऊक आहे. माझी बाजू निदान कागदावर असावी, एवढाच हेतू.

मुळात ही अक्कल तुमची. तुमच्या मुलीची पाठवणी झाली, तुमचे डोळे अजून ओले होते, आणि अशा वेळी माणसाने गप्प राहावे तर तुम्ही मला म्हणालात की दाजी, लग्नाला बावीस वर्षे झाली, जाताना एक दिवस अंबाजोगाईला थांबा, तिला गाव दाखवा, काही चांगलेचुंगले खाऊ घाला. मी थांबलो. अंबाजोगाई मला तोंडपाठ आहे. मागे एकदा अदालतीत साक्षीला गेलो होतो तेव्हा तीन दिवस काढले होते (साक्ष झालीच नाही, म्हणून गाव बघायला मिळाले). आदल्या संध्याकाळी धर्मशाळेत उतरलो आणि सकाळी दोघे बाहेर पडलो. दोघे म्हणजे आपल्याकडे नवराबायको जसे बाहेर पडतात तसे. मी पुढे, ती दहा पावले मागे. भर बाजारात मागे वळून बायकोकडे बघायचे नाही ही आमच्या घराची रीत. वडिलांनी चाळीस वर्षांत एकदाही बघितले नाही (आई एकदा कपिलधारच्या जत्रेतून दोन दिवसांनी घरी पोचली, पण तो भाग वेगळा).

तिला हत्तीखाना बघायचा होता. नदीच्या अंगाला खडकात कोरलेली लेणी आहेत, तिथे दगडी हत्ती उभे आहेत. लहानपणी तुमच्या आईने तिला त्या हत्तीवर बसवले होते म्हणे. हे तिने गाडीत दोनदा सांगितले. मी तेव्हा चाकाच्या कुरकुरीकडे लक्ष देत होतो, कारण वंगण तुमच्याकडून घेतलेले होते. तरी सगळ्यात आधी तिथेच गेलो. मी छडीने हत्ती दाखवला, हा हत्ती म्हणून सांगितले, दगडाचा आहे हेही सांगितले, आणि पुढे निघालो. दगडाच्या हत्तीपुढे माणसाने किती वेळ उभे राहायचे याला काही प्रमाण असते.

तिथून योगेश्वरीच्या देवळात. दर्शन झाल्यावर मी शिखराची, ओवऱ्यांची, दीपमाळेची सगळी माहिती सांगितली. जी ठाऊक नव्हती तीही सांगितली. मागे जोडव्यांचा आवाज येत होता, दर वाक्याला बारीकसा हुंकार येत होता, मग मी वळू कशाला? बावीस वर्षांत तुमच्या बहिणीने माझे बोलणे इतके मन लावून कधी ऐकले नव्हते. मला शंका यायला हवी होती, पण उलट बरे वाटले. खरे सांगतो शहादेवराव, फार बरे वाटले. शेतातले, भावकीतले, माझ्या पोटदुखीचे, असे जे कधी घरात बोललो नव्हतो तेसुद्धा मी देवळातून बाजाराकडे जायच्या चढावर बोलून गेलो.

मग बाजारात हलवायाच्या दुकानी आलो. बायकामाणसाने दुकानात बसून खायची रीत नाही, म्हणून मी बाकावर रस्त्याकडे पाठ करून बसलो आणि माझे झाले की एकेक द्रोण न बघता मागे धरीत गेलो. जिलबी गेली. भजी गेली. पेढे गेले. हातातला द्रोण दरवेळी अलगद सुटायचा. मला वाटले, आज खुशीत आहे, एरवी अर्धे माझ्याकडे परत येते. चौथ्या वेळी मागच्या हाताने माझे मनगटच धरले आणि थोडी शेव मागितली. मी बघितले तर कोपरापर्यंत निळे गोंदण, हातात पितळी कडे. तुमच्या बहिणीच्या हातात तुमच्या मांडवातला हिरवा चुडा होता, एवढे मला आठवत होते. तेव्हा मी वळलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा वळलो, आणि मागे कोण, तर बायडाबाई नावाची धनगरीण, घोंगड्या विकायला आलेली, देवळापासून माझ्या मागे होती. मी खवळलो तर ती बाई शांतपणे म्हणाली, "मालक, तुमी लई ग्वाड सांगू लागलाव अन् खायाला बी देऊ लागलाव. म्हनलं कुनी धर्मात्मा हाय. मंग कावून न्हाई म्हनावं?" वर तिने माझ्या पोटदुखीवर ओवा सांगितला.

मी देवळापर्यंत धावत गेलो. हाक मारायची तर काय मारायची? अगं ऐकलं का म्हटले तर पाचजणी वळल्या. धोंडीरामची माय म्हटले तर दोघी वळल्या, त्यातल्या एकीबरोबर धोंडीरामही होता. शेवटी नाक्यावरच्या जमादाराकडे गेलो. तो म्हणाला, हुलिया सांगा. मी म्हणालो, हिरवे लुगडे. लग्नसराईत सगळा बाजार हिरवा होता. उंची विचारली, मला सांगता येईना. तोंडावळा विचारला, तीळ, व्रण काही विचारले. शहादेवराव, मी पुन्हा हिरवे लुगडेच सांगितले. निदान गाडीवरून काही माग लागतो का बघावे म्हणून तो बैलांचे विचारू लागला, तर मी पवळ्याच्या डाव्या शिंगाची चीर आणि ढवळ्याच्या मागल्या खुरावरचा ठिपका धडाधड सांगितला. जमादाराने लेखणी खाली ठेवली. "बैल का हुलिया पूरा याद है, औरत का नहीं?" एवढेच म्हणाला. चौकीवरची माणसे हसली, आणि मला हसता येईना.

पुढे तुम्हाला ठाऊक आहेच. ती हत्तीखान्यातच होती. हललीच नव्हती. त्या हत्तीच्या पायाला टेकून, शिदोरी सोडून, तुमच्या गावची छबुबाई तिथे देवाला आलेली भेटली होती तिच्याशी बोलत बसली होती. माझ्या वाटणीची भाकरीही संपली होती. आणि हसत होती. ते हसू मी याआधी पाहिले नव्हते. मला बघून ते थांबले, हे मात्र पाहिले. मी रागावलो. माणसे होती म्हणून बेताने रागावलो, पण रागावलो. ती उठली, पदर झटकला आणि छबुबाईच्या गाडीत बसून तुमच्याकडे आली. चढता चढता मला एक वाक्य बोलली. ते आमच्या आमच्यातले आहे, इथे लिहिण्याचे कारण नाही.

तर चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा. ज्याने दिवसभर पाय झिजवून गाव दाखवले त्याची, की जी जागची उठलीच नाही तिची? मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. लोभ असावा, आणि यापुढे दुसऱ्याच्या संसारात सल्ले देताना आधी वंगण चांगले द्यावे.

आपला,
त्रिंबक

ता. क. पत्र घेऊन येणाऱ्याची गाडी परत येताना रिकामीच येणार आहे. तिला यायचे असेल तर सोय आहे. मी बोलावतो आहे असे नव्हे, गाडी रिकामी आहे म्हणून कळवले.

आणखी ता. क. परवा तुमचा निरोप मिळाला की ती म्हणते, येईन, पण इथून पुढे ती पुढे चालणार आणि मी मागे. कबूल आहे. फक्त पालीच्या वेशीपासून घरापर्यंत बरोबरीने चालता आले तर बघा. तेही जमत नसेल तर राहू द्या, मी मागे चालेन. निदान कशी दिसते ते कळेल.

शेवटचे. वर एक लपवले ते लिहितो. जमादाराकडून निघालो तेव्हा नदीकाठी उभा राहून मी तिला नावाने हाक मारली होती. भर दुपारी, चारचौघांत, एकदाच. लोक बघू लागले म्हणून नंतर खोकल्यासारखे केले. गाडीत चढताना ती म्हणाली ते हे: "हाक ऐकू आली व्हती. बावीस वर्सांत पैल्यांदा आली. म्हनून गप बसले, म्हनलं आनिक एकदा मारताव का बघावं." शहादेवराव, मी मारली नव्हती. तुम्ही हे पत्र तिला वाचून दाखवालच. बाकीचे गाळले तरी चालेल. एवढी खालची ओळ ती जिथे असेल तिथपर्यंत पोचेल अशी मोठ्याने वाचा.

केशर.