नावाच्या जागी हुद्दा

दिघोरी, ५ ऑक्टोबर १९८९

ति. शकूच्या बाबांना सा. न. वि. वि.

इकडं सारे खुशाल. धान निसवून राहिलं. मामाजींचा खोकला कमी हाये. शकू रोज पुसते, बाबा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेले येतील का. मागल्या साली तुमी आले नाही, तं झुल्यात बसाले तयारच नव्हती. औंदा तरी नक्की कळवा. लोभ पत्रातून कळतो, आता पायानं घरी येऊ द्या.

तुमची धुरपता

पुणे, १५ ऑक्टोबर १९८९

सौ. धुरपतास अ. उ. आ.

कंपनीला परदेशात पंप विकायचे आहेत, म्हणून दर्जाचं सारं काम कागदावर मांडायचं आहे. वर कंपनीचं धोरण, त्याखाली खात्यांच्या कामाच्या पद्धती, मग एकेका मशीनवरची रीत आणि तळाला तपासणीच्या नोंदी. ही उतरंड मीच लावली. नियम एकच, माणसाचं नाव कुठं लिहायचं नाही, हुद्दा लिहायचा. माणूस नसला तरी काम अडू नये.

साहेब खूश आहेत. दुसऱ्या कारखान्याचंही मीच लिहावं म्हणतात, म्हणजे आणखी दोन वर्षं इथंच. नाही म्हटलं तर घराजवळ, नागपूरच्या शाखेत बदली मिळेल, पण बढती नाही. काय करू? तू म्हणशील तसं. मंडईला मात्र जमणार नाही. इथं करमत नाही गं. बाबांच्या खोकल्याकडे लक्ष दे, त्यांना नमस्कार, शकूला पापा. माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागणं.

तुझा तुलाराम

दिघोरी, २४ ऑक्टोबर १९८९

ति. शकूच्या बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मामाजींना वाचून दाखवलं. शाबास म्हणाले. मग म्हणाले, हा नियम तं आपल्या घरात आधीपासूनच हाये. खरंच हाये. धानाची रोवणी तुमच्याविना झाली. शकूले ताप आला तं शेजारच्या केवळराम भाऊजींनी दवाखान्यात नेलं. कापणीही होऊन जाईल. काहीच अडून नाही राहिलं जी. मले कामासाठी नाही पाहिजे तुमी. मले तुमीच पाहिजे.

परवा शाळेत बाईंनी वडलांचं नाव पुसलं, तं पोरीनं शकूचे बाबा असं सांगितलं. बाई हसल्या, मले हसू नाही आलं. तिनं ऐकावं तरी कुठून? मामाजीही तुमाले शकूचा बाप म्हणतात, पत्रावरचा पत्ता भाऊजी लिहितात, अन् मी तुमचं नाव लग्नात घेतलं तेवढंच. आज तिले पाटीवर लिहून दिलं. इथंही लिहिते, कोणाले काय म्हणाचं ते म्हणू द्या.

साहेबाले नाही म्हणा. तुलाराम, घरी या.

तुमची धुरपता