ओळखीचा फॉर्म

शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९७६

मूर्ख मी. दुसरा शब्दच नाही.

सीताबर्डीच्या विमा ऑफिसात मी दिवसभर पंचिंग मशीनवर कार्डांना भोकं पाडते. माणसाला नंबर, रोगाला आकडा. पण समोरच्या फॉर्मवर नाव असतंच. मंगळवारी शेजारच्या नलूबाईंचा फॉर्म आला.

कार्डांच्या कपाटाला कुलूप, घरी जाताना पर्सची झडती. आमच्याकडून काही बाहेर जात नाही, याचा केवढा तोरा होता मला! आणि आज संध्याकाळी नळावर मीच मायेनं विचारलं, "नलूबाई, आता फिट तर नाही न येत तुमाले?"

घागर तिच्या हातातून निसटली. चार पावलांवर तिची सासू भांडी घासत होती. नळाच्या धारेच्या आवाजात सासूला ऐकू गेलं नाही, एवढंच नशीब. तिच्या घरात कोणालाच माहीत नाही, हे मला काहून सुचलं नाही? कपाटाला कुलूप, अन् तोंड उघडं!

मग नलूबाई माझ्या दारात आली. "किती जणींले मालूम हाय वं?"

"मले एकटीलेच."

"मंग विसरून जाय."

उद्या साहेबांना सांगणार: फॉर्मवरच्या नावावर कागदाची पट्टी लावूनच तो आमच्याकडे यावा. ऐकतील. ऑफिसात माझ्याइतकं चोख पंचिंग कोणाचं आहे?

तो आकडा माझ्या बोटांना पाठ आहे. राहू दे बोटांत. तोंडापर्यंत आता येणार नाही.