अस्तरातला खिसा

१२ नोव्हेंबर

चि. ठकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

लेकीकडे सुखरूप पोचले. ती आणि जावई कामावर गेले की मी आणि चार भिंती, इथली भाषाही येत नाही. खिडकीतून समोरच्या बाजाराच्या पायऱ्या दिसतात. तिथे दोन बहिणी हात पसरून बसतात. मोठी दहाएक वर्षांची, धाकटी पाचाची. एवढ्या थंडीत अंगावर चिंध्या! जावई म्हणाला, पैसे देऊ नका, मोठी माणसं काढून घेतात. खाऊ दिला तर तोही त्यांनी हिसकावला, माझ्या डोळ्यांदेखत.

मग डोकं चालवलं. लेकीच्या जुन्या लोकरी कोटाचे दोन छोटे कोट करतेय. माप नजरेनेच घेतलं, तीस वर्षं मशीनवर उगाच नाही बसले. आणि बाबा आपल्या कपड्यांना लावायचे तसा अस्तरात खिसा, कोपरापर्यंत हात जाईल एवढा. पोरींना खाऊ लपवता येईल. आता म्हण शाबास!

दुकान सांभाळ, जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी ताई

२४ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

शाबास म्हणते, पण निम्मंच. लहान तोंडी मोठा घास घेते. गिऱ्हाईक आलं की आपण आधी विचारतो, कुठे घालणार, कसं हवंय. त्या पोरींना विचारलंस का? भाषा येत नसेल तर लेकीला बरोबर ने. तू म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! शाळेचे गणवेश वेळेत गेले, काळजी नसावी.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी ठकी

९ डिसेंबर

चि. ठकीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तोवर कोट देऊन झाले होते. मोठीने आत हात घातला आणि माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, हरखली.

परवा बाजारात चोरी झाली. दुकानदाराने मोठीला धरलं. तिच्याजवळ पावाचा तुकडा निघाला आणि तो खिसा. इथे म्हणे दुकानातला माल उचलणारे असेच खिसे शिवून घेतात. तेवढ्यावर पोलिसांनी तिला नेलं. कळल्याबरोबर लेकीला घेऊन चौकीत धावले. खिसा मी शिवला म्हणून परोपरीने सांगितलं. साहेबाने ऐकून घेतलं, पण तिला सकाळीच दूरच्या सुधारगृहात पाठवलं होतं. सोडवायला कोर्टाचा हुकूम लागतो, त्याला महिने जातात. माझं विमान गुरुवारी. लेक म्हणते, मी पाठपुरावा करते, पण त्यातून काही होणार नाही हे तिचा चेहराच सांगत होता.

तिथून धाकटीकडे गेलो. लेकीने विचारलं तेव्हा कळलं, खिसा पाहूनच मोठी घाबरली होती. आता आपल्याला चोर म्हणतील, म्हणाली होती. तिने तो दातांनी उसवून पाहिला. माझी शिवण तुटली नाही, ठके. उभ्या जन्मात मला माझ्या हाताचा एवढा राग आला नव्हता.

धाकटीचा खिसा मी तिथेच पायरीवर बसून उसवला आणि कोट पुढे केला. तिने घेतला नाही. कुडकुडत काहीतरी बोलली. घरी आल्यावर लेकीने त्याचा अर्थ सांगितला, पोर म्हणाली, आधी माझ्या ताईला आणा.

लोभ ठेव असं लिहायचा आज धीर होत नाही.

ताई