घोडी गार झाली तेव्हा

प्रिय राजवीर,

चैत्रातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी तू शेवंतीचं नाव दिलंस, हे मला घोडी सांभाळणाऱ्या कृष्णातकडून कळलं. तू सांगितलं नाहीस. फोन केला तर तू मध्येच ठेवून देशील, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

घोडी बरी आहे. खातेपिते. पण दुपार तापली की गोठ्यामागच्या नळाशी जाऊन मान खाली घालून उभी राहते. तिला कोणी नेत नाही. मी बादली घेऊन जाते आणि तुझे बाबा करायचे तसंच करते. मानेवर, छातीवर, मांड्यांच्या आतल्या शिरांवर पाणी ओतायचं, तापलेलं पाणी पट्टीनं निपटून काढायचं, लगेच पुन्हा ओतायचं. अंगावर राहिलेलं पाणी घोंगडीसारखं ऊब धरतं, असं ते म्हणायचे. माझं ओतून होतं तरी तिचा एक कान माझ्या मागच्या बाजूला वळलेला असतो, कोणी तरी उभं असल्यासारखा. मी रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली बाई, असल्या गोष्टींना थारा देत नाही. तरी मी वळून बघत नाही.

बाबांच्या शेवटच्या शर्यतीतला, बिद्रीच्या वाटेवरचा तो तपासणीचा थांबा मी पाहिलेला नाही, पण इतक्यांदा ऐकलाय की दिसतो. शेवंतीच्या छातीचे ठोके खाली आल्याशिवाय घोड्यांचे डॉक्टर पुढं सोडणार नव्हते आणि पाण्याचा टँकर मागं रखडला होता. बघ्यांतला एक पावणा ओरडला की तापल्या जनावरावर गार पाणी घालू नका, वारं भरंल, अंग आखडंल. त्यावर बाबा तुला म्हणाले, "वत रं लेका. घोडी काय लग्नाला न्यायचीया व्हय, भिजू नये म्हणून?" सगळे हसले. बादल्या संपल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या प्यायच्या बाटल्या तिच्या मानेवर रिकाम्या केल्या. ठोके उतरले. घोडी पास झाली, टाळ्या पडल्या, सगळे तिच्याभोवती जमले. बाबा बाभळीखाली टोपी तोंडावर घेऊन आडवे झाले. टोपी उचलली तेव्हा उशीर झाला होता.

तेव्हापासून तू सुट्टीला येतोस तो थेट गोठ्यात जातोस. ताटही तिथंच मागवतोस. मला वाटायचं, बापाची घोडी म्हणून पोरगा जीव लावतोय.

परवा कृष्णात शर्यतीचं सांगून तिथंच बसून राहिला. उठेना. मी खडसावलं तेव्हा म्हणाला, "वैनी, त्या दिशी बाभळीखाली मी मालकास्नी उठवाय गेलतो. राजवीर म्हणला, झोपू द्या त्यास्नी, दमल्यात. आता म्हणतोय, ह्या शर्यतीत त्या थांब्यापतूर पाण्याचा थेंब घेणार न्हाय."

राजवीर, तू एकोणीस वर्षांचा होतास. दमलेल्या बापाला झोपू द्यावं असं वाटणाऱ्या मुलाला काय म्हणायचं? डॉक्टर तिथंच होते, त्यांनाही ते झोपलेच वाटले. तुझा दोष नाही. हे मी समजूत घालायला लिहीत नाही, समजूत घालणं मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. पण बाप पाण्यावाचून गेला म्हणून मुलानं भर उन्हात कोरड्या घशानं घोडी हाकायची, याला मी माझ्या दारातून घोडी देणार नाही. खुशाल रागाव. रागावलेला मुलगा मला चालेल.

म्हणून शेवंती आज सकाळी गेली. कागलजवळ शेती असलेल्या रुद्राप्पांच्या ताब्यात दिलं ते असं: घोडी एक, वय चौदा, खोगीर, लगाम, दोन बादल्या, मिठाच्या पुड्या, पाणी निपटायची पट्टी. शर्यतीला न्यायची नाही आणि तू भेटायला गेलास तर अडवायचं नाही, हे दोन्ही कबूल. देणार मी, घेणार रुद्राप्पा, साक्षीला कृष्णात.

तुझीच,
आई
कसबा बावडा