सात नंबरची पाटी

अकोला, सोमवार, २ मार्च १९६४

आलो बुवा एकदाचा! अमरावतीहून एस.टी.त उभ्यानंच आलो. गुडघे बोलायला लागलेत, पण मन खूश आहे. कापसाच्या जिनिंगमधली अठरा वर्षांची रुईची धूळ सुटली. आता मी, देवमन, कॉलेजातल्या धोक्याच्या घंटेचा राखणदार. खुर्ची आहे, पंखा आहे, माठ आहे. अजून काय पाहिजे माणसाला? खिशात मावेल अशी ही रोजनिशीही घेतली, सुतळीनं बांधलेल्या पेन्सिलीसकट.

काम सोपं. भिंतीवर काचेचा फळा, त्यात नऊ खिडक्या. प्रयोगशाळा, मुलींची खोली, वसतिगृह, ग्रंथालय अशा नऊ जागी भिंतीला बटण बसवलंय. कुणी संकटात सापडलं आणि बटण दाबलं, की त्या नंबरची पाटी टक्कन खाली पडते. पाटी पडली की घंटा वाजते. मग मी धावत जायचं आणि परत येऊन वहीत लिहायचं. प्राचार्यसाहेब म्हणाले, देवमनजी, एकही हाक वाया जाता कामा नये. मला बुधाजी आठवला. माझा थोरला भाऊ. जिनिंगच्या आगीत दाराआड ओरडत राहिला, यंत्रांच्या आवाजात कुणाला ऐकूच आलं नाही. तिथं असं एक बटण असतं तर! साहेबांना शब्द दिला, माझ्या हातून हाक वाया जाणार नाही.

सात नंबरची पाटी कुणीतरी काळ्या दोऱ्यानं बांधून ठेवली होती. असली कामचुकारी मला खपत नाही. ब्लेडनं दोरा कापून टाकला.

शुक्रवार, ६ मार्च

पाय भरून आले. या शिकल्यासवरल्या लोकांना बटण म्हणजे खेळणं वाटतं. तीन नंबर पडला म्हणून धापा टाकत गेलो, तर सरांना चहा पाहिजे होता. मुलींच्या खोलीत पाल निघाली. ग्रंथालयात एकाला पंखा बंद करून हवा होता. तोंडावर मी काही बोलत नाही, वहीत मात्र लिहितो: चहा. पाल. पंखा.

आणि हा सात नंबर, रोज दुपारी चारला. सात म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या मागची धुरीची खोली. वाळवून ठेवलेल्या झाडपाल्याला कीड लागू नये म्हणून तिथं औषधाचा धूर कोंडत. दोन वर्षांपासून ती बंद आहे आणि कुलपाची किल्ली माझ्याच खुंटीवर असते. उघडून पाहिलं. रिकाम्या फळ्या, भिंतीत एक तळहाताएवढी जाड काच, बटण. दाराला आतून नमद्याचा जाड लोकरी थर, हवा जायला फट नाही. दार आपोआप लागतं आणि खटका बाहेरून पडतो, म्हणून वीट लावूनच आत जावं लागतं. वहीत लिहिलं: कुणी नाही.

बुधवार, ११ मार्च

वायरमन येऊन गेला. तार ठीक, बटण ठीक, काही दोष नाही म्हणाला. दोष नाही तर माझे गुडघे उगाच झिजतात काय? आज पुन्हा चारला गेलो, पुन्हा कुणी नाही. बटणाला हात लावला तर कोमट लागलं. ऊन म्हणावं, तर त्या भिंतीला ऊन पोचत नाही.

शनिवार, १४ मार्च

मनकर्णाबाई इथं पाणी भरते. कानानं कमी आहे, तिच्याशी बोलायचं म्हणजे घसा फाडावा लागतो. आज तिनंच विचारलं, भाऊ, तो दोरा काहून कापला तुमी? मग सगळं सांगितलं. माझ्या आधी इथं नत्थुजी होते. ती खोली तेव्हा उघडी असायची, पोरं गंमत म्हणून सात नंबर दाबत. नत्थुजी वैतागले आणि त्यांनी पाटीच बांधून टाकली. त्याच दुपारी चारला प्रयोगशाळेतला ओमप्रकाश आत कोंडला गेला. दोन लेकरांचा बाप. शेवटपर्यंत दाबत राहिला म्हणे. सापडला तेव्हा बोटाला नख उरलं नव्हतं. पाटी काही पडली नाही.

असला माणूस समोर आला तर कानाखाली आवाज काढीन, असं मी म्हटलं. रागानं जेवण गेलं नाही.

बुधवार, १८ मार्च

चारला सातच्या दारात होतो. तेवढ्यात इकडे पाच नंबर पडला. रसायनच्या प्रयोगशाळेत एका मुलीच्या हातावर तेजाब सांडलं. मला पोचायला उशीर झाला. हात वाचेल म्हणतात. साहेबांनी विचारलं, देवमनजी, कुठं होता तुम्ही?

थकलो हो मी. मेलेल्या माणसापायी जिवंत लेकरू घालवू का? संध्याकाळी सातची पाटी बांधली. पांढरा दोरा, दुहेरी गाठ.

गुरुवार, १९ मार्च

चार वाजले. घंटा नाही. हुश्श केलं, आणि तेवढ्यात फळ्यामागून बारीक टक्.

मग टक् टक् टक्, साडेपाचपर्यंत. पाटी पडायला बघते, दोरा धरून ठेवतो.

शुक्रवार, २० मार्च, चार वाजून गेले

आजही. थांबतच नाही. चहा गार झाला. बुधाजीनंही असंच दार वाजवलं असेल.

बस्स. बटणच उपटून आणतो. पेचकस घेतला. मनकर्णाबाईला खुर्चीवर बसवलं, ओरडून सांगितलं, एक तरी पाटी पडली तर धावत ये. ती म्हणाली, येतो ना भाऊ, डोये फुटले काय माहे?

त्याच दिवशी, धुरीची खोली

दार लागलं. वीट बाहेर, उंबऱ्याशी लावली होती. आता आत आहे. माझ्या पायाशी.

काचेतून उजेड येतो, त्यावर लिहितोय. वीट आपटून पाहिली, काचेला तडाही जात नाही. ओरडून ओरडून घसा गेला. नमदा आवाज बाहेर जाऊ देत नाही.

बटण दाबतोय. मनकर्णाबाई पाटीसमोरच बसली आहे, येईल. पाटी पडली की—

पाटी.

गाठ सोडलीच नाई मीनं. दुहेरी मारली. आपल्याच हातानं—

टक् होत असंन तिथी. तिले ऐकू येत नाई. सहाले ती घरी जाईन, भाऊ गेले म्हणन.

बुधाजी, माफ कर मले—

दम लागून राहिला. पेन्सिल डाव्या हातात. उजवं बोट बटणावर, नखातून रगत—

बटणावर दुसरं बोट हाय. माह्या बोटाखाली. कोमट. तो बी दाबून राहिला, कधीचा. ओमप्रकाश भाऊ, जोर लाव, दोघं मिळून दाबू, दोरा तुटंन, दोघं मिळून—