साडी ठरते कशावर

बाबा, आज मी तुम्ही आणलेली निळी साडी नेसून कॉलेजात तास घेतला. नोकरीसाठीचा, परीक्षकांसमोरचा. विषय त्यांनीच दिलेला होता : बाई आणि पुरुष यांच्या अंगाची ठेवण वेगळी का झाली. विषय वाचला आणि मला नौपाड्यातलं तुमचं साड्यांचं दुकान आठवलं. गिऱ्हाइकं गादीवर बसली आहेत आणि तुम्ही शर्ट-पँटवर साडी लावून दाखवताय. निऱ्या खोचल्या, पदर खांद्यावर टाकला, भार एका पायावर दिला की तुम्हाला कंबर यायची. “भाऊ, तुम्हालाच जास्त शोभते,” एक बाई म्हणते. “हो ना ताई, पण मॅचिंग ब्लाउज मिळत नाही मला,” तुम्ही न हसता सांगता, आणि साडी विकली जाते.

दहावीच्या निरोप समारंभाला मी आईची साडी नेसले, तेव्हा दिवा स्टेशनजवळच्या आपल्या खोलीत आत्या आलेली. “अगं, हिला कंबरच नाही. बापावर गेलीय. साडी ठरायची कशावर? आणि पुढे पोरंबाळं कशी व्हायची?” मी साडी सोडायला लागले. तुम्ही ताटावरून उठलात. “माझ्या अंगावर ठरते ना रोज? मग हिच्या का नाही ठरणार?” मग मलाच रागावलात. “पोक काढून उभं राहिलं तर कुणाच्याच अंगावर ठरत नाही. ताठ हो.” आईची दुसरी साडी स्वतःला गुंडाळून तुम्ही पहिली खोच दाखवलीत, पाय कसा ठेवायचा ते दाखवलंत. आत्या हसता हसता माझ्या निऱ्या धरायला बसली.

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. निळी साडी त्याआधीच आणून ठेवली होतीत, पदवी घेशील तेव्हा नेस म्हणून. घरातली पहिली पदवी मी पंजाबी ड्रेसवर घेतली. साडी कपाटातून काढावीशी वाटली नाही. तशी कशाचीच ओढ वाटत नाही. जेवते, शिकवण्या घेते, झोपते.

आज सांगितलं, की माणूस दोन पायांवर चालू लागला, पोराचं डोकं मोठं होत गेलं, म्हणून बाईचं कमरेचं हाड रुंद राहिलं असावं. मांड्यांवरची चरबी गरोदरपणासाठी, दुधासाठी साठवलेली असावी. पुरुषांचे रुंद खांदे झुंजीसाठी. पुरुषांना अशी कंबर आवडत गेली म्हणून ती टिकली, असंही म्हणतात. ते ऐकायला सोपं आहे, सिद्ध करायला अवघड. एका परीक्षक बाईंनी विचारलं, “मग जिची कंबर रुंद नाही, तिच्याबद्दल हे काय सांगतं?”

“काहीच नाही, मॅडम. ही सरासरी आहे. एका मुलीकडे नुसतं बघून तिचं बाळंतपण कसं होईल ते सांगता येत नाही.”

आत्याला द्यायचं उत्तर इतक्या वर्षांनी तिऱ्हाइतासमोर दिलं. देताना लक्षात आलं, माझा सगळा भार एका पायावर होता.

संध्याकाळी फोन आला, नोकरी मिळाली. आई पेढे आणायला गेली. मी आनंदाची वाट बघत बसले, तो आला नाही. हे तुम्हाला कुठून पोचणार, म्हणून खरं ते लिहिते : साडी पिनांवर ठरली होती, भरपूर पिना. आता त्या काढल्यात. आई जाताना बदल म्हणाली होती, पण मी साडी सोडलेली नाही. ताठ बसलेय, आणि ती ठरलीय.